रात्रीचे चार प्रहर
आगमनकाळातील पहिला रविवार (मार्क १३:३३-३७)



आजच्या शुभवर्तमानातील घरधनी परगावी निघताना नोकरांना ज्याची त्याची कामे नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहायला सांगतो. धनी परत केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नाही. संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल किंवा सकाळी येईल. यहुदी लोक रात्रीचे तीन भाग करीत, रोमन सैन्यात मात्र पहारा चार वेळा बदलत असे. संत मार्क यांनी ही रोमन पद्धत घेतली आहे. आपल्याला ती परकी वाटायला नको, कारण आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच. धानाच्या खळ्यावर ज्यांनी राखण केली आहे, त्यांना प्रत्येक प्रहराची थंडी वेगळी असते हे सांगावे लागत नाही.

पण आज आपण रात्रगस्तीच्या पोलिसाकडे पाहू या. सौंदडच्या माणसाला तो अनोळखी नाही. नागपूर-रायपूर महामार्ग, ज्याला आपण अजूनही सवयीने 'सहा नंबर' म्हणतो आणि ज्याचा क्रमांक आता ५३ आहे, तो रात्रभर झोपत नाही. इकडे गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्ग, तिकडे २०१३ साली घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. दिवे न लावता उभा केलेला ट्रक, अचानक रस्त्यावर आलेले जनावर, स्टेशनवर एकटीच उतरलेली बाई, अशा कितीतरी गोष्टी रात्री एकनंतर घडतात. तेव्हा आपण घोंगडी ओढून घेतलेली असते. गस्तीची गाडी कधी गेली हेही आपल्याला कळत नाही.

त्या गाडीत पुष्कळदा दोघे असतात. एक जुना हवालदार आणि एक नवा शिपाई. नव्याने प्रशिक्षण केंद्रात कवायत केलेली असते, नेमबाजी आणि कायदा शिकलेला असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिची कलमे तर त्यालाच जास्त चांगली पाठ असतात. जुन्याच्या तोंडात अजून तीनशे दोन आणि चारशे वीसच! पण अंधार कोणत्याही केंद्रात शिकवता येत नाही. दुकानाचे कुलूप टॉर्चने बघून पुढे जायचे नाही, हाताने ओढून पाहायचे. अपघात झाला तर आधी जखमी माणूस, कागद नंतर. रात्री तीन वाजता डोळे मिटू लागतात, तेव्हा गाडीतून उतरून चार पावले चालायचे. हे सारे तो जुन्याच्या शेजारी बसून शिकतो.

आणि तो आणखी एक गोष्ट शिकतो. अडवलेल्या ट्रकचा चालक कागदपत्रांबरोबर घडी केलेली नोट पुढे करतो, तेव्हा जुन्याचा हात काय करतो, हे नवा पाहत असतो. त्यावर शब्दही बोलला जात नाही. आमच्या मते त्या पोराच्या पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीचा निकाल पुष्कळदा त्या एका क्षणात लागतो. संत लूक सांगतात की, यार्देनकाठी शिपायांनीही बाप्तिस्ता योहानाला विचारले होते, आम्ही काय करावे? (लूक ३:१४). योहानाने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. कोणाला धमकावून पैसे काढू नका, खोटा आळ घेऊ नका, मिळणाऱ्या पगारात समाधान माना, एवढेच सांगितले. हा पगार किती आणि तास किती, हाही प्रश्न आहेच. बारा बारा तासांच्या ड्युट्या वर्षानुवर्षे चालत आल्या. २०१६ साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तोही एका शिपायाने मांडणी केली म्हणून. उपदेश करताना आपण हे विसरू नये.

आता शुभवर्तमानाकडे परत येऊ. प्रभूने सांगितलेले चार प्रहर मार्कच्या पुढच्याच दोन अध्यायांत पुन्हा भेटतात. संध्याकाळी भोजनाच्या वेळी विश्वासघाताची गोष्ट निघते. रात्री गेथशेमाने बागेत शिष्य झोपी जातात. कोंबडा आरवताना पेत्र प्रभूला नाकारतो. सकाळी येशूला पिलाताच्या हाती दिले जाते. शिष्य म्हणजे प्रभूचे नवे शिपाईच, आणि पहिल्याच रात्रपाळीत ते नापास झाले! तरी प्रभूने त्यांना कामावरून काढले नाही. तो स्वतः जागा राहिला, तीन वेळा त्यांच्याकडे परत आला, त्यांना उठवले. ज्या पेत्राला एक तास जागवले नाही, त्याच पेत्राच्या हाती पुढे त्याने आपला कळप सोपवला. शिकवणाऱ्याने आधी स्वतः जागायचे असते.

सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे आपल्याला आठवतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत होते. साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक, हातात लाठी. त्यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. म्हणून सोबतचे पोलीस वाचले आणि अतिरेकी जिवंत सापडला. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. अशी रात्र हजारांत एखाद्याच्या वाट्याला येते. बाकीच्यांच्या वाट्याला येतात त्या काहीच न घडलेल्या रात्री, ज्यांचे पदक नाही आणि ज्या घरच्यांनाही दिसतात त्या फक्त दुपारी बारापर्यंत झोपलेल्या बापाच्या रूपात. मुलांना हळू बोला म्हणणारी त्याची पत्नीही एक पहाराच करीत असते.

नाताळच्या रात्री आपण मंदिरात मेंढपाळांची कथा ऐकू. तेही रात्रपाळीवरच होते, आणि तारणाऱ्याच्या जन्माची पहिली बातमी त्यांनाच मिळाली. त्या वेळी आपल्या फाटकाबाहेर बंदोबस्ताला पोलीस उभे असतील, कदाचित एक जुना आणि एक नवा. संत लूक यांच्या शुभवर्तमानात प्रभू म्हणतो की, दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रहरी येऊन जे दास जागे सापडतील, त्यांना धनी स्वतः कंबर बांधून पंक्तीला बसवील आणि वाढील (लूक १२:३७-३८). तेव्हा यंदा मिस्सा संपल्यावर चहाची किटली आणि केक आधी फाटकाकडे जाऊ द्या, मग मंडपात. आणि ज्यांच्या घरातील कोणी पोलीस, होमगार्ड, रेल्वे किंवा रुग्णालयात रात्रपाळीवर असेल, त्यांनी त्यांची नावे चिठ्ठीवर लिहून शनिवारपर्यंत द्यावीत. आगमनकाळाच्या चारही रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ती नावे घेतली जातील.