अलीकडे आणि पलीकडे

लातूर आणि सोलापूर या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. ताशी पाचशे किलोमीटर वेगाच्या विमानाला त्यासाठी हिशेबाने बारा मिनिटे पुरतात. धावपट्टीवरची चाल, चढण आणि उतरण धरली की जवळजवळ अर्धा तास. औसा, तुळजापूर मार्गे रस्त्याने तेच अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास भरते आणि एसटीला तीनेक तास लागतात. धाराशिव तालुक्यातले बेंबळी या दोन विमानतळांच्या मधल्या पट्ट्यात येते. गाव जागचे हलत नाही, विमानतळही हलत नाहीत. मग अंतर हे वस्तूंमधले असते की जाणाऱ्याच्या मनातले?

कणादाच्या वैशेषिक दर्शनाने या प्रश्नाला थेट हात घातला. त्यात नऊ द्रव्ये मानली आहेत: पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा आणि मन. काल आणि दिक् ही प्रत्येकी एकच, नित्य आणि सर्वव्यापी. कोस, घटका, किलोमीटर, मिनिट हे भाग व्यवहारापुरते पाडलेले. दूरपणाला परत्व आणि जवळपणाला अपरत्व म्हणतात. स्थळाचा दूरपणा आणि काळाचा दूरपणा यांना शब्द एकच आहे. मराठीतही ‘ओढ्याच्या अलीकडे’ आणि ‘अलीकडच्या काळात’ हे एकाच शब्दावर चालते.

हे परत्व उपजते कसे, याची वैशेषिकाचा भाष्यकार प्रशस्तपाद याच्या परंपरेने केलेली फोड फार सुरेख आहे. बेंबळीत उभ्या माणसाला तुळजापूर अलीकडे आणि सोलापूर पलीकडे वाटते, कारण सोलापूरकडे मधल्या संयोगांची संख्या जास्त भरते: शेताला लागून शेत, शिवेला लागून शीव. थोरला भाऊ काळाने ‘पर’, कारण त्याच्या जन्मापासून सूर्याच्या फेऱ्या अधिक झाल्या. संयोग आणि फेऱ्या बाहेर खऱ्याच असतात. पण त्यांची तुलना करणारी बुद्धीही लागते. तिला अपेक्षाबुद्धी म्हणतात. ती मावळली की परत्वही मावळते. म्हणजे अंतर नुसते वस्तूत नाही आणि नुसते मनातही नाही. अंतराविषयी याहून समाधानकारक उत्तर क्वचितच सापडेल.

विमान मधला एकही संयोग कमी करत नाही. बेंबळीची शीव, तिथली राने, ओढे जिथल्या तिथे असतात. प्रवाशाच्या मोजणीत मात्र ती येत नाहीत. त्याच्याजवळ घड्याळ तेवढे उरते.

यात्रेच्या संदर्भात मोजणीतला हा भेद धर्माचा प्रश्न होतो. आश्विनातल्या कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला असंख्य भाविक पायी जातात. ही वाट सुमारे ४५ किलोमीटरांची. विमानाच्या वेगाने साडेपाच मिनिटांची. चालणाऱ्याला भवानी अधिक जवळची आणि वाहनाने येणाऱ्याला दूरची, असे मानायला आधार नाही. ईशावास्योपनिषद परतत्त्वाला दूरही म्हणते आणि जवळही. तिथे पायांचा हिशेब लागू पडत नाही. तरीही दोघांचा प्रवास सारखा ठरत नाही. चालणाऱ्याने मधली प्रत्येक शीव ओलांडलेली असते, वाटेतल्या गावांचे पाणी प्यालेले असते. थकल्या माणसाने गाडीने जावे, त्यात उणे काही नाही. ज्याच्या पायांत बळ आहे त्याने मात्र एकदा तरी ही वाट चालून पाहावी.