कर्ण दर वेळी मरतो

सुपरहिरोंचा कंटाळा आलाय, असं हल्ली जो तो म्हणतो. २०२३मध्ये ‘द मार्व्हल्स’ हा मार्व्हलच्या मालिकेतला तोवरचा सर्वांत कमी कमाईचा चित्रपट ठरला, तेव्हा या कंटाळ्याला पुरावाच मिळाला. पण २०२४मध्ये जगभरात सर्वाधिक कमावलेले पहिले दहा चित्रपट बघा. ‘विकेड’ सोडला, तर सगळे कुठल्या ना कुठल्या मालिकेचे पुढचे-मागचे भाग. ‘विकेड’सुद्धा गाजलेल्या संगीत नाटकावरून आलेला. मग कंटाळलंय कोण?

तीच गोष्ट पुन्हा ऐकून माणूस कंटाळतो, हे मला पटत नाही. महाभारत आपण कीर्तनात, दशावतारात, टीव्हीवर कितीदा पाहिलंय. कर्णाच्या रथाचं चाक रुतणार, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तरी त्या क्षणी घसा दाटतो, कारण कर्ण दर वेळी मरतो. पुढच्या वर्षी गर्दी जमावी म्हणून कुठला कीर्तनकार त्याला जिवंत करत नाही.

२०१९च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’मध्ये टोनी स्टार्क मेला. ११ वर्षांची सोबत संपली. मी थिएटरात रडले. २०२४मध्ये जाहीर झालं, की तोच रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आता डॉक्टर डूम म्हणून येणार. पात्र वेगळं, मान्य. पण ‘लोगन’मध्ये मेलेला वुल्व्हरीनही त्याच वर्षी ‘दुसऱ्या विश्वातून’ परतला आणि त्या चित्रपटानं १०० कोटी डॉलरहून जास्त कमावले.

मला इथे प्रश्न नैतिक वाटतो. गोष्ट सांगणारा आपल्याकडून दुःख उसनं घेतो. ते दुःख खरं होतं, हा शब्द त्यानं पाळायला हवा. शेवट मागे घेतला, की आपले अश्रू फक्त पुढच्या भागाची जाहिरात उरतात. आपला कंटाळा बहुधा या फसवणुकीचा आहे.

पण शब्द मोडणाऱ्याला तिकिटाचे पैसे आपणच देतो. महागड्या तिकिटात ओळखीचं काही निवडणं गैर नाही. फक्त, कायमचं काहीच गमवावं लागू नये ही आपलीच मागणी असेल, तर दोष एकट्या स्टुडिओचा नाही.

म्हणून अधूनमधून मी नावही न ऐकलेल्या चित्रपटाचं तिकीट काढते. बरेच फसतात. पण त्यात कुणी मेलं, तर ते मेलेलंच राहतं. मग त्या माणसासाठी वाईट वाटून घ्यायला मी मोकळी असते.