गावाला कळवणे आणि गावाला विचारणे

ग्रामपंचायतीच्या कारभाराविषयीची अलीकडची चर्चा एका सोप्या समजुतीपाशी येऊन थांबली आहे. ती अशी की, गावाला माहिती वेळच्या वेळी मिळू लागली म्हणजे कारभार पारदर्शक झाला. नळाला पाणी कधी येणार, कोणत्या गल्लीत काँक्रीट पडले, घरपट्टी भरण्याची मुदत केव्हा संपते, हे सारे आता गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येते. ई-ग्रामस्वराज या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर पंचायतीचा आराखडा आणि खर्चही पाहता येतो. दवंडी आणि कार्यालयाच्या भिंतीवरचा फलक एवढ्यावरच भागणाऱ्या काळाच्या तुलनेत ही सुधारणा खरीच आहे. परंतु माहिती निर्णयाच्या आधी आली की नंतर, हा प्रश्न या समाधानात कोणी विचारत नाही, आणि स्थानिक स्वराज्याचे सारे मर्म त्याच प्रश्नात आहे.

पंचायतराजची शिफारस करणाऱ्या बलवंतराय मेहता समितीपासून ७३व्या घटनादुरुस्तीपर्यंतचा इतिहास सर्वपरिचित आहे. १९९३ साली अमलात आलेल्या त्या दुरुस्तीने ग्रामसभेला, म्हणजे गावाच्या मतदारयादीतील सर्व मतदारांच्या सभेला, घटनेत स्थान दिले. हे स्थान गावाला बातम्या ऐकवण्यासाठी नव्हते, ठरवण्यात गावाचा वाटा असावा यासाठी होते. गावकऱ्यांना कारभारात रसच नसतो, हे मत त्यांना कधी वेळेत विचारले गेले का याचा शोध न घेता मांडले जात असल्याने दखलपात्र नाही.

माहिती मिळाली की पुरे, असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद मात्र गंभीर आहे. सभेला येऊ न शकणाऱ्यांनाही मोबाइलवर सर्व काही कळते, सभेत गप्प बसणाऱ्या स्त्रियांपर्यंतही संदेश पोचतो आणि छायाचित्र हा कामाचा पुरावाच असतो, असे ते म्हणतात. यातला पहिला मुद्दा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवर लावून पाहावा. पुढील वर्षाचा गावविकास आराखडा साधारणतः २ ऑक्टोबरनंतरच्या महिन्यांत आकार घेतो आणि त्याच सुमारास ही कुटुंबे कारखान्याच्या वाटेला लागतात. त्यांच्या वस्तीवरचा रस्ता आराखड्यातून गळल्याचे त्यांना फडावर कळले, तर त्यांच्या वाट्याला कळण्याखेरीज काहीच आले नाही. स्त्रियांसाठी कायद्याने नियमित ग्रामसभेपूर्वी महिला ग्रामसभेची तरतूद केली, ती निर्णय होण्याआधी त्यांचे म्हणणे नोंदले जावे म्हणून. निर्णयानंतरचा संदेश तिची जागा घेऊ शकत नाही. राहिले छायाचित्र. त्यात नवा रस्ता दिसतो, पण थराची जाडी दिसत नाही, आणि त्या रस्त्यासाठी कोणत्या वस्तीची गटार मागे ठेवली हे तर मुळीच दिसत नाही. झालेल्या कामाचा पुरावा देता येतो, नाकारलेल्या पर्यायाचा देता येत नाही. म्हणूनच पर्याय खुले असतानाच ते गावापुढे यावे लागतात.

आधी विचारणे आणि नंतर कळवणे यांतला हा भेद पैशाच्या बाबतीत अधिक स्पष्ट होतो. १५व्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली, म्हणजे बंधित होती. स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येणारा अबंधित निधी ४० टक्केच होता. गावाचे स्वातंत्र्य एवढ्या अरुंद जागेत उरत असेल, तर ती जागा बंद दाराआड भरून नंतर तपशील जाहीर करणे याला पारदर्शकता म्हणता येणार नाही.

ग्रामसभाही या दोषातून मुक्त नाही. मागील इतिवृत्त वाचून कायम करणे या विषयाने सुरू होणारी पत्रिका ऐनवेळच्या विषयांनी संपते, आणि वादाचा खर्च पुष्कळदा याच शेवटच्या विषयात मंजूर होतो. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती, म्हणजे गणपूर्ती, झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचीही अट नसते. शिवाय, गाव हे संकुचित वृत्तीचे आणि जातीयतेचे घर असते, हा डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली घटनासमितीत दिलेला इशारा आजही लागू आहे, आणि तेथे दुर्बळाचा आवाज दाबला जातो. मात्र त्यावरचा उपाय सभा टाळणे हा नाही, दुर्बळाला तयारीनिशी सभेत येता यावे हा आहे.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने हे करून दाखवले. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावाने ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालवले. विषय आधी समजून घ्यायचा आणि मग सर्वसहमतीने ठरवायचे, ही तेथील रीत आहे. सर्व गावे मेंढ्यासारखी लहान आणि एकजिनसी नाहीत हे मान्य करूनही, आधी समजण्याचा हक्क गावाच्या आकारावर अवलंबून नाही.

तेव्हा मागणी नेमकी असायला हवी. विषयपत्रिकेसोबत प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक, मागे ठेवलेल्या कामांची यादी आणि मागील ठरावांची सद्यःस्थिती सभेच्या पुरेशी आधी घरोघर पोचावी, आणि ऐनवेळच्या विषयात खर्चाचा कोणताही ठराव घेऊ नये. एवढे होत नाही तोवर पंचायतीकडून येणारा प्रत्येक संदेश गावाला त्याच्याच कारभाराचा प्रेक्षक करत राहील, आणि प्रेक्षकांच्या गावात स्वराज्य नांदत नाही.