संशयाचा फायदा

न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीस मिळतो. अपराधी सुटला तरी चालेल, परंतु निरपराध्यास शिक्षा होऊ नये, ही त्यामागील भूमिका आपण सारेच मान्य करतो. दान केलेले रक्त एच.आय.व्ही.साठी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मात्र हा न्याय उलटा होतो. तेथे संशय येताच पिशवी बाद ठरते. एकाच विवेकबुद्धीला हे दोन्ही न्याय कसे पटावेत?

समजा, एक लाख दात्यांपैकी शंभर जण बाधित आहेत आणि चाचणी निरोगी माणसांपैकी हजारांत पाचांस चुकीने दोषी ठरविते. ती शंभर बाधितांना पकडील आणि त्यांच्याबरोबर सुमारे पाचशे निरोग्यांनाही. म्हणजे सहाशे पिशव्या फेकल्या जातील, त्यांतील पाचशे निष्कारण. तरीही हे योग्यच होय. कारण गेलेले रक्त पुन्हा मिळते, रुग्णाच्या शरीरात गेलेला विषाणू परत घेता येत नाही. परंतु पिशवीला लावलेला न्याय माणसाला लावणे हा मात्र अन्याय होय. त्या सहाशे जणांपैकी कोणालाही एवढ्याच आधारावर ‘बाधित’ म्हणणे गैर आहे. त्यासाठी निराळ्या चाचण्यांची पुष्टी हवी, आणि गुप्तताही हवी. संशय वस्तू टाकण्यास पुरेसा आहे, माणूस टाकण्यास नव्हे.

दुसरी चूक याहून भयंकर, कारण ती दिसत नाही. १९८५ साली प्रचारात आलेली एलायझा चाचणी विषाणू शोधीत नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध निर्माण केलेली प्रतिपिंडे शोधते. ती आढळण्याजोगी होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. तोवर रक्त बाधक असूनही निर्दोष ठरते. विषाणूचे पी-२४ हे प्रथिनही शोधणाऱ्या चाचण्यांनी ही मुदत दोन आठवड्यांच्या आसपास आणली. विषाणूचे जनुकद्रव्यच शोधणारी न्यूक्लिइक आम्ल चाचणी ती दहा-अकरा दिवसांवर आणते. पण ती महाग आहे; म्हणून काही ठिकाणी अनेक दात्यांचे नमुने एकत्र करून तपासतात. खर्च वाचतो, मात्र विषाणूचा अल्प अंश त्या मिश्रणात विरळ होतो. मुदत शून्यावर कोणत्याच पद्धतीने आलेली नाही. थॅलसेमिया झालेल्या बालकास दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. त्याच्या बाबतीत प्रत्येक वेळचा अल्प धोका साठत जातो.

यंत्र जेथे थांबते तेथे दात्याचा शब्द सुरू होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी झाली, तिचे मर्म हेच. ज्याला पैशाची गरज आहे त्याला खरे सांगणे परवडत नाही.

पण खरे सांगणे केवळ पैशामुळेच अवघड होते काय? आम्ही कचेरीतील माणसे यावर थोडे थांबून विचार करू या. कचेरीत शिबिर भरते, साहेब स्वतः प्रथम रक्त देतात, शाखाशाखांची यादी फिरते. अशा वेळी ज्याच्या मनात स्वतःविषयी शंका आहे तो काय करील? रांगेतून बाहेर पडला तर चार जण कारण विचारणार. म्हणून तो प्रश्नपत्रिकेवर ‘नाही’ लिहितो आणि बाही वर सारतो. त्याचे असत्य त्याचेच खरे, परंतु ते बोलण्यावाचून गत्यंतर उरू नये अशी व्यवस्था आपण केलेली असते. उपस्थितीचा आकडा फुगविणारा उत्साह अशा रीतीने रुग्णाच्या जिवावर उठू शकतो.

म्हणून आम्हांस वाटते, संशयाचा फायदा रुग्णास द्यावयाचा असेल तर मौनाचा हक्क दात्यास दिला पाहिजे. ‘आज मी देत नाही’ एवढे म्हणून एखादा सहकारी निघून गेला, तर कारण न विचारणे हे सौजन्य तर आहेच. अनोळखी रुग्णाच्या रक्षणातला तो आपला वाटाही आहे.