तसदी

आत्याच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा पुण्यातल्या एका इस्पितळात मी तिच्या उशाशी दहा रात्री काढल्या. रात्रपाळीची सिस्टर केरळची, पुण्यात येऊन जेमतेम दोन महिने झालेले. तिच्या खिशात पंज्याएवढी एक वही असायची. एकदा तिनं ती उघडून दाखवली. डावीकडे मल्याळम आणि उजवीकडेही मल्याळम अक्षरंच, पण उजवीकडचं ती वाचायला लागली तर ते मराठी निघालं. दुखतंय का. कुशीवर वळा. लघवी झाली का. अशी चाळीसेक वाक्यं असतील. 'वळा'मधला 'ळ' तर आमच्या सोसायटीतल्या पोरांपेक्षा स्वच्छ. मल्याळमला तो घरचाच.

पहिल्या रात्री मात्र गडबडीत वही राहिली आणि ती आपल्याच भाषेत विचारून मोकळी झाली, "वेदना उंडो?" आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, ही तर कीर्तनातलं बोलते!" आपल्याकडे वेदना कवितेत असते, अंगात असतं ते दुखणं. पण प्रश्न पोचला होता.

वॉर्डात आम्ही मराठी माणसं वीस-पंचवीस, ती एकटी. वही तिच्याकडे होती, आमच्यापैकी कुणाकडेही नव्हती. भाषा जुळत नाही तेव्हा तसदी कुणी घ्यायची, हा प्रश्न तिथं माझ्या डोक्यात शिरला.

मागं वळून पाहिलं तर माणसाला हा प्रश्न पडायलाच बराच काळ जावा लागलेला दिसतो. समोरचा आपल्यासारखाच आहे असं धरून चालणं सगळ्यात सोपं. मे 1498 मध्ये वास्को द गामाची गलबतं कालिकतजवळ नांगरली, तेव्हा त्यानं किनाऱ्यावर प्रथम स्वतः न जाता एका शिक्षा झालेल्या कैद्याला पाठवलं. त्याला भेटले कोण, तर ट्यूनिसचे दोन मुसलमान, स्पेनकडची आणि जिनोव्हाची बोली जाणणारे. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांचं पहिलं संभाषण झालं ते असं परक्याच भाषेत, परक्यांशीच. पुढं त्यांना एका देवळात नेलं आणि ते चर्च आहे असं समजून त्यांनी तिथं हात जोडले. भिंतीवरच्या संतांचे सुळे बाहेर आलेत, काहींना चार-पाच हात आहेत, हे त्यांच्यातल्या रोजनिशी लिहिणाऱ्यानं टिपलं, तरी त्याला शंका आली नाही! कालिकतचे लोक ख्रिस्तीच, ही समजूत घेऊन ते परत गेले.

ऐंशी वर्षांनी, 1579 मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि त्यानं उलटी वाट धरली. साष्टीत तो चाळीस वर्षं राहिला. कोंकणी शिकला, तिचं व्याकरण लिहिलं. मराठी शिकला ती इतकी की दहा हजारांवर ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. ते 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्याच्या ओव्या आपण कौतुकानं सांगतो. पण हे सगळं त्यानं धर्मप्रसारासाठी केलं, हेही सोबत सांगायला हवं. तरी एक गोष्ट उरतेच. त्याच्या ओवीत ख्रिस्ताचा स्वर्ग 'वैकुंठ' होऊन येतो. बोलायला निघालेल्याला ऐकणाऱ्याच्या घरातले शब्द उसने घ्यावे लागले.

आणि त्याच गोव्यात 1684 मध्ये व्हाइसरॉयचा हुकूम निघाला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. तसदी आता सगळी रयतेची. त्या हुकुमाला तीनशेहून अधिक वर्षं झाली. कोंकणी आजही बोलली जाते, यावरून तो किती चालला ते समजा.

या दोन टोकांच्या मधे दुभाष्या उभा असतो. 1674 मध्ये इंग्रजांचा हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर आला, राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई आणि व्यापाराचा तह मागायला. त्याच्या बाजूनं बोलायला होता नारायण शेणवी. राज्याभिषेकाच्या गर्दीत इंग्रजांचं म्हणणं या एका माणसाच्या जिभेवरून जायचं. दुभाष्यावर दोन्हीकडचे भरवसा टाकतात आणि दोन्हीकडचे संशयही घेतात. मुंबईत दुबाश हे आडनावच झालं. तसदी विकत घेता येते, हा विचार मला यात दिसतो. वाईट नाही, पण पैसे जो देतो, त्याचंच म्हणणं आधी पोचतं.

मग भाषा कुणाचीच नको, सगळ्यांनी सारखी तसदी घ्यावी, असं बियालिस्तोकच्या झामेनहॉफला वाटलं. गावात पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश बोलणारे एकमेकांचे वैरी. त्यानं 1887 मध्ये एस्पेरांतो ही स्वतः घडवलेली भाषा मांडली. माणूस थोर, पण शब्द जवळजवळ सगळे युरोपचे. इटालियन माणसाला ती आठवड्यात ओळखीची वाटेल, आपल्याला वाटणार नाही. सारखेपणा तिथंच लंगडला.

शेवटची कल्पना, तसदी यंत्रावर टाकायची. जानेवारी 1954 मध्ये न्यूयॉर्कला एका यंत्रानं साठेक रशियन वाक्यं इंग्रजीत आणून दाखवली. शब्द अडीचशे, नियम सहा. तीन-पाच वर्षांत काम फत्ते, असं तेव्हा म्हटलं गेलं. पन्नासहून जास्त वर्षं लागली, पण आज ते यंत्र माझ्या खिशात आहे. परमुलखातल्या औषधाच्या दुकानात त्यानं मला तारलंय, त्याला नावं ठेवणार नाही.

इस्पितळातही मी ते काढलं होतं. आत्याला म्हटलं, बोल. ती फोनकडे बघत बोलली, फोन मल्याळममध्ये काहीतरी बोलला, सिस्टर तोंडावर हात ठेवून हसली. काय ऐकलं ते तिनं सांगितलं नाही. मग आत्यानंच फोन बाजूला सारला. "तो डबा आत ठेव. मला ती दिसत नाही."

घरी सोडायच्या आदल्या रात्री सिस्टर दुधाचा पेला घेऊन आली. अर्धा झाल्यावर आत्यानं हात आडवा धरला आणि म्हणाली, "मती." मल्याळममध्ये मती म्हणजे पुरे. शेजारच्या खाटेपाशी पाणी ओतताना सिस्टर म्हणायची, ते आत्यानं उचललं होतं. सिस्टरनं पेला ठेवला, वही काढली आणि आत्याला विचारून 'मती'पुढं 'पुरे' लिहून घेतलं.