इंटरेस्ट आहे का?

इंग्रजांकडे शब्दांची टंचाई असावी, असा मला बी. कॉम.ला असल्यापासूनचा संशय आहे. नाहीतर एकट्या ‘इंटरेस्ट’वर त्यांनी इतकी कामं लादली नसती. मुलीला गाण्यात इंटरेस्ट, पुढाऱ्याला पब्लिकच्या इंटरेस्टमध्ये इंटरेस्ट, आणि आमच्या नांदूरघाटच्या खातेदाराला एकाच इंटरेस्टमध्ये इंटरेस्ट : पासबुकात चढला की नाही! आपण मराठी माणसं टापटिपीची. रस, हित आणि व्याज असे तीन वेगळे डबे ठेवतो.

शब्द मुळात लॅटिन. ‘इंटर’ म्हणजे मध्ये, ‘एस्से’ म्हणजे असणं. मध्ययुगीन युरोपात पैशावर पैसा घेणं चर्चच्या लेखी पाप. पण ऋणकोने वेळेवर परत न दिल्यामुळे धनकोचं नुकसान झालं, तर ‘मध्ये’ पडलेला खड्डा भरून मागायला हरकत नव्हती. त्या भरपाईचं नाव ‘इंतरेस्से’. रक्कम तीच, फक्त खातं बदललं! आम्ही बँकवाले याला जर्नल एंट्री म्हणतो.

आपल्या पूर्वजांनी असले आढेवेढे घेतले नाहीत. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे चक्क बहाणा, कपट. म्हणून तर ज्यात कसलाही बहाणा नाही, ते निर्व्याज प्रेम!

मग बिनव्याजी आणि निर्व्याज एकच का हो? कॉमर्स म्हणतं, एकच. केज तालुका म्हणतो, थांबा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. ती मजुरीतून फेडायची. हंगाम संपला आणि उचल उरली, तर पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत. उचलीला कुणी कर्ज म्हणत नाही, मग व्याजाचं नाव कशाला निघेल? पण माणूस बांधला जातो, आणि आईबापांमागे पोर फडावर गेलं की त्याची शाळा बुडते. हे कोणत्या रकान्यात लिहायचं, ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

आमच्या बँकेचा दर निदान फळ्यावर लिहिलेला असतो. मुद्दल-व्याज भरलं की माणूस सुटला. साहेबांना पुन्हा नमस्कार नाही केला तरी चालतं. उघड व्याज त्या मानाने सोज्वळच म्हणायचं.

तेव्हा कुणी ‘घ्या हो, बिनव्याजी आहे, आपण का परके?’ असं म्हणालं, तर दर विचारू नये. मध्ये काय आहे, ते विचारावं.