सोळा कप

सईने पहिल्या पगारातून कॉफीची पाच पाकिटं आणली. चिकमगळूर, कोडगू, अराकू, वायनाड आणि एक थेट इथिओपियाचं. प्रत्येकात एकाच मुलखाच्या बिया, दुसऱ्या कशाची मिसळ नाही. पाकिटांवर लिहिलेलं: जर्दाळू, मोगरा, काकवी. रोज नवं पाकीट फोडायची, डोळे मिटून घोट घ्यायची. सहाव्या दिवशी रडवेली होऊन म्हणाली, “मामा, मला सगळ्या सारख्याच कडू लागतात. माझ्या जिभेलाच चव नाही.”

मला वाईट वाटलं. ती फुलाफळांची यादी नवख्या माणसाला घाबरवते, असं माझं स्पष्ट मत आहे. जे लिहिलंय ते सापडलं नाही, की माणूस स्वतःलाच उणा समजतो.

दिवाळीला ती पाकिटं घेऊनच मंगळवेढ्याला आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे आली. घरचं ज्वारीचं पीठ संपलं होतं म्हणून आईने शेजारून आणलेलं काठवटीत घेतलं. पाण्याचा हात लावून चारदा मळलं आणि म्हणाली, “ही आपली मालदांडी नव्हे. आणि दळून महिना तरी झालाय, विरी गेलीय.” भाकरी थापली तशा तिच्या काठाला चिरा पडल्या.

सई शेजारी उकिडवी बसली. “आजी, नुसतं मळून कसं कळतं?”

“आपल्या काळ्या रानातली ज्वारी सत्तर वर्षं मळतेय गं. हात तिच्यावर बसलाय. वेगळं काही आलं की हातच सांगतो.” मग चुलीकडे बघतच आईने विचारलं, “तुझी ती कॉफी भाजलेली कधीची? आणि एकेक किती दिवस प्यालीस?”

सईने पाकिटं उलटीपालटी केली. तीन पाकिटांवर फक्त कधीपर्यंत वापरावी ते छापलेलं. उरलेल्या दोन्ही पाच महिन्यांपूर्वी भाजलेल्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर तिला पाठच होतं: एकेक दिवस.

पुण्याला परतल्यावर ती स्वतः कॉफी भाजणाऱ्या एका दुकानात गेली. भाजणाऱ्याने आधी विचारलं, “दुधाची पिता की बिनदुधाची?” बिनदुधाची, कागदी फिल्टरमधून गाळलेली, असं म्हटल्यावर त्याने एकच पाकीट पुढे केलं. बाबाबुडनगिरीची अरेबिका, धुऊन वाळवलेली, मध्यम भाजलेली, आठ दिवसांपूर्वीची. फार काळी भाजली की भाजण्याचीच चव लागते, जमिनीची हरवते, असं त्याने सांगितलं. फळासकट वाळवलेल्या बियांना आंबूस-गोड फळांचा वास असतो, तो पुढे कधीतरी; वायनाडचा रोबस्टा तर जातच वेगळी, जास्त कडक.

बाबाबुडनगिरीच्या डोंगरावर सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या फकिराने येमेनमधल्या मोखाहून सात बिया आणून लावल्या, अशी परंपरा आहे. सईने हे फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “सातच? पण बियाणं म्हटलं तर तेवढं पुरतं.” मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकालाही २०१९ मध्ये ते मिळालं. आईला मानांकन वगैरे ठाऊक नाही. रान ठाऊक आहे.

सईचं माप ठरलं: १५ ग्रॅम बिया, २४० मिली पाणी, उकळी येऊन अर्धा मिनिट निवलेलं. दळायचं हाताच्या चक्कीत, रव्याएवढं, आणि प्यायच्या वेळीच. २५० ग्रॅमच्या पाकिटात असे सोळा कप बसतात. रोज एक कप, वहीत एक ओळ.

पहिल्या दिवशी तिने लिहिलं, “कडू.” दुसऱ्या दिवशीही “कडू.” पाचव्या दिवशी चुकून बारीक दळलं गेलं आणि घोट घशाशी अडला, सहाव्या दिवशी जाडसर दळलं तर पाणचट झाली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्या कडूपणातला बराचसा तिच्या हातचा होता. नवव्या दिवशी कपात कॉफी ओतली आणि ऑफिसचा फोन आला. वीस मिनिटांनी कोमट झालेली कॉफी तिने तशीच प्यायली. वहीत आहे: “संत्र्याची साल? उद्या पुन्हा निवू देऊन बघायचं.” सोळाव्या दिवसापुढे प्रश्नचिन्ह नाही. नुसतं “गूळ”.

सतराव्या दिवशी तिने अराकूचं नवं, ताजं पाकीट फोडलं. तेवढ्याच बिया, तेवढंच पाणी. कोमट होऊ दिली, एक घोट घेतला आणि कप हातात धरूनच मंगळवेढ्याला फोन लावला.

“आजी,” ती म्हणाली, “ही आपली नव्हे.”